पुस्तकाची पीडीएफ फिरतेय, डुप्लिकेटही निघालंय, सुरुवात कुठून करू?

पत्र (थोडं कापून घेतलंय):

नमस्कार दादा, आम्ही दोघं नवराबायको नौपाड्यात घरातूनच प्रकाशन चालवतो. वीसेक पुस्तकं आहेत पण घर चालतं ते एका स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नसंचावर, ३२० पानं, किंमत ३५० रुपये. यंदाची आवृत्ती बाजारात आली आणि आठवड्याच्या आत त्याची पीडीएफ एका मेसेजिंग ॲपच्या चॅनेलवर फुकट. मग क्लासच्या एका पोराने सांगितलं की स्टेशनजवळ हेच पुस्तक दीडशेला मिळतंय, कव्हर सेम टू सेम. आमची एक जुनी कादंबरी कुणीतरी यूट्यूबवर अख्खी वाचून टाकलीये. रद्दीवाले अर्ध्या किमतीत विकतात ते वेगळंच. हे म्हणतात ई-बुक अजिबात काढायचं नाही, काढलं की संपलो. पोलीस ऐकतील का? आयएसबीएन आहे आमच्याकडे.
— एक प्रकाशिका, ठाणे पश्चिम

ताई, राग येणं बरोबरच आहे, पण तुम्ही चार गोष्टी एका दमात सांगितल्यात आणि चारही वेगळ्या आहेत, त्यातली एक तर चोरीच नाही, म्हणून ती आधी बाजूला काढू.

रद्दीवाला. एकदा विकली गेलेली प्रत पुढे कुणी वाचून विकली, मैत्रिणीला दिली, वाचनालयाला दिली तर त्यात बेकायदा काही नाही. कॉपीराइट कायद्याने आधीच चलनात असलेल्या प्रती वेगळ्या काढल्यात, तुमचा हक्क नवीन प्रती काढण्यावर आहे. आणि अर्ध्या किमतीत फिरणारं जुनं पुस्तक कुणीतरी आधी पूर्ण किमतीला घेतलेलंच असतं ना. त्या माणसाशी वैर कशाला. फक्त एक बघा, रद्दीच्या गठ्ठ्यात तुमचा प्रश्नसंच नवाकोरा, पेनाची एक रेघ नाही, आणि अशा पाच-सात प्रती एकत्र दिसल्या तर ती रद्दी नसते, त्याच्याकडे येतोच पुढे.

आता पीडीएफ. ती तुम्ही उघडून नीट बघितलीत का? बहुतेक नाही, चिडून बंद केली असणार. परत उघडा. पान तिरकं आहे, शिवणीच्या बाजूला काळी सावली पडलीये, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा दिसतोय, खाली स्कॅनर ॲपचं नाव आहे, तर विकत घेतलेल्या प्रतीवरून कुणीतरी मोबाइलने फोटो मारलेत. पण पान एकदम स्वच्छ, अक्षरं बोटाने सिलेक्ट होतायत (कॉपी करून पेस्ट केल्यावर कचरा आला तरी हरकत नाही, डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवण्याच्या, जुन्या फॉन्टचं तसंच होतं), चारी कोपऱ्यांना कटिंग मार्क (छापल्यावर कागद कुठे कापायचा त्या रेघा) दिसतायत, तर ताई ती फाइल कुठल्या वाचकाकडून गेलेलीच नाही. कटिंग मार्कवाली फाइल फक्त तुमच्याकडे, डीटीपीवाल्याकडे आणि प्रेसकडे असते. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती कधी बनली आणि कुठल्या सॉफ्टवेअरमधून बनली तेही बघा, तारीख पुस्तक छापून येण्याच्या आधीची असेल तर जवळजवळ नक्कीच कुंपणाने शेत खाल्लंय. तारीख बदलता येते हे खरं, पण पीडीएफ फिरवणारी पोरं एवढी मेहनत घेत नाहीत.

आठवड्याच्या आत आली म्हणताय म्हणून मला आतलाच संशय येतोय. अर्थात ३२० पानांचे फोटो एका संध्याकाळी पण निघतात, तेव्हा बघितल्याशिवाय कुणावर आळ घेऊ नका. घेतलात आणि चुकलात तर इतक्या वर्षांच्या ओळखीचा डीटीपीवाला जाईल आणि दुसरा मिळणार नाही.

एक वही घ्या आणि यंदाच्या पुस्तकाची पूर्ण फाइल कुणाकुणाकडे गेली ते लिहून काढा. लेखक, डीटीपी, प्रूफ बघणारे सर, कव्हरवाला (त्याला फक्त कण्याची जाडी हवी असते, अख्खी फाइल का पाठवली त्याला?), प्रेस, प्रस्तावना लिहिणारे, आणि 'सर एकदा नजर टाका' म्हणून व्हॉट्सॲपवर ढकललेली ती दोन-चार माणसं. बघा किती होतात. पुढच्या आवृत्तीपासून प्रूफ जाईल ते हलक्या रिझोल्यूशनचं, प्रत्येक पानावर आडवं 'प्रूफ' आणि ज्याला पाठवलं त्याचं नाव. छपाईची फाइल फक्त प्रेसला, आणि ती पण व्हॉट्सॲपवर नाही. परीक्षणासाठी किंवा भेट म्हणून द्यायची असेल तर छापील प्रत द्या, पीडीएफ कुणालाही नाही, मंत्री असले तरी नाही.

अजून एक जुनी युक्ती आहे, नकाशे बनवणारे कंपनीवाले नकाशात मुद्दाम एखादी नसलेली गल्ली घालायचे, म्हणजे कॉपी करणारा सापडायचा. तुम्ही ज्याला ज्याला फाइल देता त्याच्या फाइलमध्ये ऋणनिर्देशात एखादा शब्द वेगळा ठेवा, कुठे 'मनःपूर्वक आभार' कुठे 'मनापासून आभार', आणि वहीत नोंद करा. पीडीएफ बाहेर आली की ते पान उघडायचं. फक्त हा खेळ उत्तरांमध्ये करू नका हं, काही जण मुद्दाम चुकीचं उत्तर पेरतात, मग ज्या पोराने प्रामाणिकपणे ३५० मोजले त्याचाच मार्क जातो.

आता स्टेशनजवळचं दीडशेवालं. माझ्या मते तुमचं खरं नुकसान इथे आहे. फुकट पीडीएफ उघडणाऱ्या शंभर पोरांपैकी किती जणांनी पुस्तक घेतलं असतं ते कुणालाच माहीत नाही, पण दीडशे रुपये काढून देणारा पोरगा हा गिऱ्हाईकच होता, पैसे देत होता, फक्त तुम्हाला नाही मिळाले. त्यामुळे ताकद लावायची ती इथे.

ती एक प्रत विकत आणा, तुम्ही नको, ओळखीच्या कुणाला पाठवा, आणि पैसे यूपीआयने द्या म्हणजे पैसे कुणाच्या खात्यात गेले ते नाव आणि तारीख दोन्ही मोबाइलवर येतं. घरी आणून दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा. स्कॅन करून छापलेलं असेल तर लगेच कळतं, अक्षरांच्या कडा फाटलेल्या असतात, अनुस्वार उडालेले, ष आणि प मध्ये फरक राहत नाही, पानावर हलकी करडी झाक असते आणि फोटोंवर जाळी उमटते. हे बाहेरच्याचं काम. पण अक्षर न् अक्षर तुमच्यासारखंच असेल, कागद पण तोच, तर ती तुमच्याच प्लेटवरून छापलेली जादा प्रत असू शकते. यात हिशोब करायला शिका, अवघड नाही. डेमी साइजमध्ये (पुस्तकाचा नेहमीचा एक आकार) २३ बाय ३६ इंचाच्या एका कागदात दोन्ही बाजू धरून ३२ पानं बसतात, म्हणजे ३२० पानांच्या एका प्रतीला १० कागद, २००० प्रतींना २०,००० कागद, ५०० च्या रिमने ४० रिम, वर वेस्टेजला दोन-तीन. कागद तुम्ही स्वतः घेऊन दिलात आणि प्रेसने पन्नास रिम मागितले तर वरच्या कागदाचं काय होतंय ते विचारायचं, हसत विचारायचं पण विचारायचं. कागद प्रेसचाच असेल तर निदान ऑर्डरवर लिहून घ्या की इतक्याच प्रती, फाइल आणि प्लेट तुमच्या परवानगीशिवाय वापरायची नाही. वागळे इस्टेटमध्ये छापा नाहीतर पुण्यात, हे लिहून द्यायला चांगला प्रेसवाला का-कू करत नाही. त्या नव्याकोऱ्या 'रद्दीच्या' प्रतींचं मूळ पण बऱ्याचदा इथेच सापडतं, नाहीतर वितरकाच्या गोडाऊनमधून 'खराब' म्हणून निघालेल्या मालात.

पोलीस ऐकतील का. ऐकतात, पण तुम्ही तयारीने गेलात तर. आयएसबीएन दाखवून काही होणार नाही, तो पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो आणि त्याने मालकी सिद्ध होत नाही. कॉपीराइट लिहिल्याक्षणीच तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही, पण ठाण्यातल्या चौकीत साहेबांसमोर सरकारी सर्टिफिकेट ठेवलं की अर्धा वाद मिटतो. साहित्यकृतीची फी ५०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो, हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं आणि पुढेही वेळ जातो, म्हणून घर चालवणाऱ्या त्या एका पुस्तकाचा अर्ज आजच करून टाका, वीसच्या वीस पुस्तकांचा नको.

कायदा १९५७ चा आहे. कलम ६३ खाली जाणूनबुजून उल्लंघन केलं तर ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. कलम ६४ प्रमाणे सब-इन्स्पेक्टर किंवा वरचा अधिकारी वॉरंटशिवाय बेकायदा प्रती जप्त करू शकतो. आधी यात घोळ होता, हा गुन्हा दखलपात्र आहे की नाही, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात की नाही, यावर वेगवेगळ्या हायकोर्टांची वेगवेगळी मतं होती, पण मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निट प्रो इंटरनॅशनलच्या केसमध्ये तो दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. 'हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा' असं उत्तर मिळालं तर हा निकाल प्रिंट काढून जवळ ठेवा. सोबत मूळ पुस्तक, डुप्लिकेट, यूपीआयची पावती आणि लेखकाशी केलेला करार. दावा लावायची वेळ आलीच तर कलम ६२ मुळे तुम्ही राहता तिथल्या म्हणजे ठाण्याच्याच जिल्हा न्यायालयात लावता येतो, माल दिल्लीहून आला असला तरी.

पण टपरीवरच्या पोराला पकडून देऊन समाधान मानू नका, तो एका प्रतीमागे तीस-चाळीस रुपये मिळवतो, चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. पोलिसांना सांगायचं की माल कुठून येतो ते हवंय. आणि कॉलेजच्या बाहेर झेरॉक्सवाल्याने एखादं प्रकरण काढून दिलं तर त्याच्या मागे लागूच नका, दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानावर मोठमोठ्या परदेशी प्रकाशकांनी केस केली होती, २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने शिकवण्याच्या ओघात काढलेल्या प्रतींना कायद्यात सूट आहे असं सांगितलं आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी केस सोडून दिली. अख्खा प्रश्नसंच स्पायरल बाइंडिंग करून दुकानात विकायला ठेवला तर गोष्ट वेगळी, तो धंदा झाला.

करार काढून वाचाच. विशेषतः त्या जुन्या कादंबरीचा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने ती ५ वर्षंच धरली जाते, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून असं आहे की करार करताना जे माध्यम वापरातच नव्हतं ते करारात नाव घेऊन लिहिलं नसेल तर त्याचे हक्क तुमच्याकडे आलेले नसतात. म्हणजे यूट्यूबवर तक्रार करायला गेलात आणि समोरच्याने विचारलं की ऑडिओचे हक्क तुमचे कशावरून, तर? आधी लेखकाकडून किंवा वारसांकडून एका पानाचं पत्र घ्या, ई-बुक आणि ऑडिओ दोन्ही त्यात नाव घेऊन.

आणि त्या यूट्यूबवाल्याला आधी साधा मेसेज करा बघू. मराठीत पुस्तकं वाचून टाकणारे बरेच जण रिटायर्ड काका-काकू असतात, त्यांना खरंच वाटतं की आपण साहित्यसेवा करतोय, आवाज पण छान असतो काहींचा. सांगितलं की काढतात. एखादीला तर म्हणाल की पहिलं प्रकरण ठेवा आणि खाली पुस्तकाची लिंक द्या, तर तुमची जाहिरातच झाली. नाही ऐकलं तर यूट्यूबचा कॉपीराइटचा फॉर्म आहे, त्यात ७ दिवसांची मुदत देऊन काढायला सांगायची पण सोय आहे. लगेच स्ट्राइक मारू नका, ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेलच उडू शकतं, म्हाताऱ्या माणसाचं एवढं नुकसान करून आपल्याला काय मिळणार.

चॅनेलवरच्या पीडीएफचं मात्र असं नाही, तिथे गोड बोलून काही होत नाही. लिंक, चॅनेलचं नाव, सभासदांचा आकडा, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, मगच तक्रार, कारण तक्रार केली की पुरावा पण गायब. मग प्लॅटफॉर्मच्या कॉपीराइटच्या पत्त्यावर नोटीस. आपल्याकडे कॉपीराइट नियम २०१३ मधला नियम ७५ आहे, नीट भरलेली तक्रार आली की ३६ तासांत ती लिंक बंद करायची, पण २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत चालू करू शकतात. व्यवहारात बऱ्याच ठिकाणी स्वतःच्याच पॉलिसीने काढून टाकतात, परत लावत नाहीत. सर्चमध्ये येत असेल तर गूगलचा वेगळा फॉर्म भरायचा, नाहीतर फाइल गेली तरी नवीन लिंका सापडत राहतात. चॅनेल नावं बदलून परत येतात हेही खरंय. टेलिग्रामच्या बाबतीत २०२२ मध्ये कोचिंग चालवणाऱ्या नीतू सिंग यांच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली, सर्व्हर परदेशात आहे ही सबब चालली नाही. तेवढा खर्च तुम्हाला एकटीला झेपणार नाही, पण तुमच्यासारखीच स्पर्धा परीक्षेची पुस्तकं काढणारे चार-पाच जण मिळून एक वकील नक्की करू शकता, चॅनेलवर त्यांची पण पुस्तकं असणारच, आत्ताच बघा.

आणि हे सगळं करून सुद्धा पुढच्या वर्षी पीडीएफ येईल. म्हणून पुस्तकातच असं काहीतरी पाहिजे की चोरीच्या प्रतीवर पोराला कमी मिळेल. तुमच्या पुस्तकाला हे सोपं आहे, कादंबरीला अवघड. मागच्या कव्हरच्या आत स्क्रॅच कोड, प्रत्येक प्रतीला वेगळा, तो टाकला की ऑनलाइन सराव पेपर, नवीन जाहिरात किंवा अभ्यासक्रम बदलला तर त्याची पुरवणी, चुकांची दुरुस्ती. कोड एकदाच चालणार. सराव पेपर खरंच चांगले पाहिजेत हं, जुनेच प्रश्न उलटेपालटे करून टाकलेत तर पोरं दुसऱ्या दिवशी ओळखतात. होलोग्राम लावा असं तुम्हाला खूप जण सांगतील, लावा, पण नकली होलोग्राम पण मिळतो आणि घेणाऱ्या पोराला तो बघायचा असतो हेच माहीत नसतं, मी तरी आधी कोडवर पैसे घालीन.

मग उरते किंमत आणि मिळण्याची सोय. तुमच्याच गोखले रोडवरच्या दुकानात हे पुस्तक आज शिल्लक आहे का? फोन करून बघा. डुप्लिकेटवाला बारा महिने स्टॉक ठेवतो आणि आपल्याकडे ऐन परीक्षेच्या आधी 'पुढच्या आठवड्यात येईल'. वितरक आणि दुकानदाराचं कमिशन जाऊन तुमच्या हातात काय पडतं ते तुम्हालाच माहीत, तर अभ्यासिका आणि क्लासला थेट, दहा प्रतींच्या वर २२० ला द्यायला काय हरकत आहे, तुमचं नुकसान नाही आणि दीडशेच्या फाटक्या अक्षरांच्या पुस्तकाशी फरक सत्तर रुपयांचा राहतो, वर कोड. महापालिकेच्या स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या चिंतामणराव देशमुख संस्थेत आणि १८९३ पासूनच्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात दोन-दोन प्रती देऊन ठेवा, ज्याला खरंच परवडत नाही त्याला बसून वाचता येईल. आणि त्या कादंबरीची शेवटची आवृत्ती कधीची आहे? दहा वर्षं ती दुकानात नसेल तर लोक वाचून दाखवलेलं ऐकणारच, हल्ली प्रिंट ऑन डिमांडमध्ये, म्हणजे मागणी येईल तशा छपाईत, पन्नास प्रती पण निघतात.

शेवटी यजमानांचं ई-बुक. त्यांची भीती कळते, पण बघा ना, तुमचं ई-बुक नाहीये आणि तरी पीडीएफ फिरतेय. ई-बुक नसल्याने चोर थांबला नाही, थांबला तो दुबईत किंवा न्यू जर्सीत बसलेला मराठी वाचक, ज्याला पैसे द्यायचे होते. किंडलवर मराठी २०१६ पासून आहे. फाइलची कॉपी होऊ नये म्हणून लावतात त्या लॉकचं म्हणाल तर विज्ञानकथा छापणाऱ्या टॉर या अमेरिकन प्रकाशनाने २०१२ मध्ये आपल्या ई-बुकांवरचं डीआरएम लॉक काढून टाकलं आणि वर्षभराने सांगितलं की पायरसीत जाणवण्याइतकी वाढ झाली नाही. तुमच्या वेबसाइटवरून विकायचं तर लॉकपेक्षा वॉटरमार्क बरा, प्रत्येक पानाखाली घेणाऱ्याचं नाव आणि ऑर्डर नंबर, मोबाइल नंबर मात्र छापू नका, उद्या ती फाइल फुटली तर बिचाऱ्याचा नंबर गावभर. स्वतःचं नाव असलेली फाइल ग्रुपवर टाकायला माणूस दोनदा विचार करतो.

प्रश्नसंचाचं ई-बुक यंदा नका काढू, आधी कोडचं जमू दे. कादंबरीचं काढा, लेखकाचं पत्र आलं की लगेच, आणि किंमत छापील पुस्तकाच्या निम्म्याच्या आत ठेवा.